वाणसामानाच्या यादीतले पर्यावरण

महाराष्ट्रातील सर्वसाधारण शहरी कुटुंबाच्या महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत तांदूळ, गहू, तूरडाळ, साखर, तेल, शेंगदाणे, पोहे, रवा आणि चहा हे जिन्नस दोन पिढ्यांपूर्वी होते तसेच आजही आहेत. ज्वारी-बाजरी मागे सरली आणि बिस्किटे, नूडल्स, पनीर, चीज यांनी जागा मिळवली, हा त्यातला ठळक बदल. ही यादी करताना आजवर भाव, चव, पचन आणि घरातल्यांच्या आवडी यांचा विचार होत आला. आता त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडू लागली आहे: हा जिन्नस पिकवताना, वाहून आणताना आणि विकताना पाणी, माती, जंगल आणि हवा यांचे किती नुकसान झाले असेल? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर शोधताना ग्राहकाची नजर बहुधा दुकानात जे दिसते त्यावरच खिळते. प्लास्टिकचे पाकीट, परदेशी फळावर चिकटवलेली चकती आणि हिरव्या अक्षरांत छापलेले ‘नैसर्गिक’ हे विशेषण डोळ्यांना दिसते. भाताच्या खाचरातून निघणारा वायू, उसाच्या फडाने प्यायलेले भूजल आणि तेलासाठी तोडलेले जंगल मात्र दुकानापर्यंत येत नाही. अन्नाचा पर्यावरणावर पडणारा भार मुख्यतः शेतात आणि गोठ्यात ठरतो, आणि म्हणून जबाबदारीने खरेदी करू पाहणाऱ्याने यादीच्या शेवटी एखादी महागडी ‘हरित’ वस्तू जोडण्यापेक्षा यादीच्या सुरुवातीच्या पाच-सहा जिनसांकडे नव्याने पाहणे अधिक मोलाचे आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

या प्रतिपादनाला आधार देणारा सर्वांत व्यापक अभ्यास ऑक्सफर्ड विद्यापीठातील जोसेफ पूर आणि स्वित्झर्लंडमधील संशोधक थॉमस नेमेचेक यांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ११९ देशांतील सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून त्यांनी ४० खाद्यपदार्थांचा पर्यावरणीय हिशेब मांडला आणि मानवी व्यवहारांतून बाहेर पडणाऱ्या एकूण हरितगृह वायूंपैकी, म्हणजे वातावरणात उष्णता अडवून ठेवणाऱ्या वायूंपैकी, सुमारे २६ टक्के वायू अन्नव्यवस्थेतून येतात, असे दाखवले. हे वायू वेगवेगळ्या ताकदीचे असल्यामुळे त्यांची बेरीज करताना प्रत्येकाचे रूपांतर तेवढीच उष्णता अडवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या वजनात केले जाते, आणि त्या मापाला कार्बन-सममूल्य असे म्हणतात. या मापाने जगाची सरासरी पाहिली तर एक किलो गव्हामागे सुमारे दीड किलो, बहुतेक कडधान्यांमागे दोन किलोंच्या आत, तांदळामागे साधारण साडेचार किलो, कोंबडीच्या मांसामागे दहा किलो आणि चीजमागे चोवीस किलोंच्या आसपास उत्सर्जन होते. या सरासऱ्या आहेत. एकच पदार्थ दोन ठिकाणी पिकवला तर त्याच्या भारात कित्येक पटींचा फरक पडतो, हेही त्याच अभ्यासाने दाखवले, आणि पुढील विवेचनात ही बाब पुन्हा पुन्हा समोर येईल.

याच हिशेबाने वाहतुकीविषयीचा एक रूढ समज मोडीत काढला. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात टिम लँग यांनी पुढे आणलेल्या ‘अन्न-मैल’ या कल्पनेमुळे, म्हणजे शेतापासून ताटापर्यंत अन्नाने कापलेल्या अंतराच्या मोजणीमुळे, जवळचे ते चांगले आणि दूरचे ते वाईट असे समीकरण जगभर रुजले. प्रत्यक्षात अन्नव्यवस्थेतील उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे सहा टक्केच आहे, कारण जगातले बहुतेक अन्न जहाजाने, रेल्वेने आणि ट्रकने जाते, आणि जहाजात टनामागे, किलोमीटरमागे जळणारे इंधन फारच थोडे असते. न्यूझीलंडहून जहाजाने मुंबईत आलेले सफरचंद म्हणूनच समजले जाते तेवढे दोषी नाही. विमानाने जाणाऱ्या मालाची गोष्ट निराळी आहे, कारण तेच वजन तेवढ्याच अंतरावर विमानाने नेले तर जहाजाच्या सुमारे पन्नास पट उत्सर्जन होते. एप्रिल-मे महिन्यांत लंडनमधल्या मराठी घरी पोहोचणारा हापूस बहुधा विमानाने जातो, आणि त्याच्या प्रत्येक किलोमागे प्रवासातच कित्येक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. वर्षातून एकदा आवडीने खाल्लेल्या पेटीचा दोष कोणी काढू नये, पण ज्यांना हिशेब करायचा आहे त्यांनी तो ठाऊक असू द्यावा. जवळच्या शेतकऱ्याकडून खरेदी करण्याची इतर कारणे भक्कम आहेत: त्याला मिळणारा भाव, मालाचा ताजेपणा, आणि कसे पिकवले हे विचारण्याची सोय. त्यांच्यासाठी जवळची खरेदी अवश्य करावी. केवळ अंतर कमी म्हणून भार कमी, असे मात्र समजू नये.

यादीतला पहिला जिन्नस तांदूळ. भाताचे खाचर पाण्याने भरलेले राहते, पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू पोहोचत नाही, आणि अशा जागी कुजणाऱ्या काडीकचऱ्यावर जगणारे सूक्ष्मजीव मिथेन वायू तयार करतात. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट उष्णता अडवतो. तृणधान्यांमध्ये तांदळाचा भार अधिक दिसतो तो यामुळे. त्यावर उपायही आहे. खाचर सतत भरलेले न ठेवता मधूनमधून सुकू द्यायचे आणि मग पुन्हा पाणी द्यायचे, या पद्धतीचा प्रसार फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने केला असून तिने मिथेन बराच घटतो आणि पाणीही वाचते. पण तांदळाचा विचार केवळ मिथेनवर थांबवता येत नाही. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तिथल्या खाचरात उभे राहणारे पाणी आकाशातून आलेले असते आणि त्या जमिनीत पावसाळ्यात भाताखेरीज दुसरे काही नीट येतही नाही. याउलट पंजाब-हरियाणात कमी पावसाच्या मुलखात हमीभावाची खरेदी आणि मोफत किंवा स्वस्त वीज यांच्या बळावर भात उभा राहिला, भूजल खोल गेले, आणि ते वाचवण्यासाठी पंजाबने २००९ मध्ये कायदा करून लावणी उशिरा करायला लावल्यावर भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांच्यातला अवधी इतका आखडला की शेतात उरलेले भाताचे काड जाळणे अधिकच वाढले. तेव्हा रोजच्या वरण-भातासाठी कोकणातला, मावळातला, वाड्याचा किंवा पूर्व विदर्भातला तांदूळ निवडणे आणि उत्तरेकडचा बासमती सणासुदीला राखून ठेवणे यात चवीचेही नुकसान नाही आणि पाण्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचे आहे. येथे अंतरापेक्षा पाऊस महत्त्वाचा आहे.

ज्वारीबद्दल जरा विस्ताराने लिहायला हवे, कारण महाराष्ट्रातील ग्राहकाच्या हातात असलेला कदाचित सर्वांत अर्थपूर्ण बदल तिच्यात आहे. सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव या पट्ट्यात रब्बी ज्वारी पावसाळा सरता सरता पेरली जाते आणि पुढे तिला बहुतेक ठिकाणी पाणी दिले जात नाही. काळ्या, खोल जमिनीने पावसाळ्यात धरून ठेवलेल्या ओलाव्यावर आणि हिवाळ्यातल्या दवावर ती वाढते. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक वाणांतून निवडलेली ‘मालदांडी’ हे त्या कोरडवाहू शेतीचे सर्वांत प्रसिद्ध वाण आहे, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित गुणांची कायदेशीर ओळख, मिळाली आहे. धान्याइतकाच तिचा कडबा महत्त्वाचा. दुष्काळी भागातली जनावरे त्यावर वर्ष काढतात, आणि म्हणून ज्वारीचे क्षेत्र घटले की चाराटंचाईही लगेच जाणवते. ज्वारी मागे पडली ती तिच्या दोषामुळे नव्हे. रेशनवर गहू आणि तांदूळ मिळू लागले, गव्हाचे पीठ मळून पोळी लाटणे शहरी घाईत सोपे ठरले, भाकरी थापण्याची सवय एका पिढीत सुटली, आणि शेतात काढणीला मजूर मिळेनासे झाले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ, गहू आणि भरडधान्ये या तिन्हींची तरतूद आहे. तरीही शिधापत्रिकेवर प्रत्यक्षात मुख्यतः गहू-तांदूळच मिळत आले आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत मिळू लागल्यावर बाजारातून ज्वारी विकत घेणे गरीब घरांना आणखी अवघड झाले.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले आणि शहरांत ज्वारी, बाजरी, नाचणी यांना पुन्हा मान मिळाला. तो मान ज्या रूपात दुकानांत दिसतो ते मात्र फारसे समाधानकारक नाही. चकचकीत पाकिटातली नाचणीची बिस्किटे किंवा ज्वारीचे कुरकुरीत तुकडे घेतले तर त्यांच्या घटकांच्या यादीत अनेकदा मैदा किंवा अन्य पीठ, साखर आणि पामतेल आढळते, आणि भरडधान्याचा वाटा थोडाच असतो. पाकिटाच्या मागच्या बाजूस घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याचा नियम आहे. पहिली तीन नावे वाचली तरी पाकिटाच्या दर्शनी भागावरील दाव्याचे खरे वजन कळते. ज्या घराला पर्यावरणाच्या कारणासाठी ज्वारी हवी आहे त्याने ती दाण्याच्या किंवा पिठाच्या रूपात घ्यावी आणि आठवड्यातून तीन-चार वेळा पोळीऐवजी भाकरी करावी. भाकरी थापण्याचा सराव घरातल्या सर्वांनीच, पुरुषांनीही, करावा, कारण हा बदल एकाच व्यक्तीच्या कष्टांवर उभा राहिला तर तो टिकत नाही.

डाळ आणि साखर या दोन जिनसांचा विचार एकत्र करावा लागतो, आणि त्यासाठी लातूरसारखे दुसरे उदाहरण नाही. लातूर ही तुरीची आणि तूरडाळीची देशातील एक प्रमुख बाजारपेठ आहे. तिथल्या आडतीत सौदे होतात आणि डाळमिलांमधून डाळ राज्यभर जाते. त्याच जिल्ह्यात आणि आसपासच्या मांजरा खोऱ्यात गेल्या काही दशकांत साखर कारखाने उभे राहिले आणि उसाचे क्षेत्र वाढले. तूर हे कोरडवाहू पीक आहे. तिचे मूळ खोल जाते, आणि इतर शेंगावर्गीय पिकांप्रमाणे तिच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र जमिनीत स्थिर करतात, त्यामुळे तिला युरिया थोडाच लागतो आणि तिच्यामागून येणाऱ्या पिकाची खताची गरजही काहीशी भागते. युरियाचा वापर कमी होणे हवेच्या दृष्टीनेही मोलाचे आहे, कारण खत घातलेल्या जमिनीतून निघणारा नायट्रस ऑक्साइड हा वायू उष्णता अडवण्यात मिथेनपेक्षाही कितीतरी प्रबळ असतो. ऊस याच्या अगदी उलट: वर्ष-दीड वर्ष शेतात उभा राहणारा आणि त्या सबंध काळात पाणी मागणारा. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने नोंदवले आहे की महाराष्ट्रात लागवडीखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी जमिनीवर असलेला ऊस राज्यातले जवळपास सत्तर टक्के सिंचनाचे पाणी घेतो. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ च्या अहवालातच तुटीच्या खोऱ्यांमध्ये उसासारखी पिके घेण्याविरुद्ध सावध केले होते. त्याकडे दुर्लक्ष झाले, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातूर शहराला पिण्याचे पाणी पाठवावे लागले.

मग ग्राहकाने साखर कमी करून डाळ वाढवली की मांजरा खोऱ्यात पाणी साठेल काय? इतका सरळ संबंध नाही, आणि तो आहे असे भासवणे ग्राहकाची दिशाभूल ठरेल. उसाला केंद्र सरकार रास्त व किफायतशीर दर ठरवून देते, कारखाना तो ऊस उचलतो, आता साखरेच्या जोडीला इथेनॉलचीही मागणी आहे. घरोघरी चहातली साखर अर्धा चमचा कमी झाल्याने ही साखळी हलत नाही, शिवाय देशातल्या साखरेचा मोठा भाग घरांपेक्षा मिठाई, बिस्किटे आणि शीतपेये यांच्यात जातो. तुरीला हमीभाव जाहीर होतो, पण सगळी तूर त्या भावाने विकली जाईल याची खात्री नसते. २०१५ मध्ये तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली तेव्हा देशभर ओरड झाली. शेतकऱ्यांनी पुढच्या हंगामात तुरीचा पेरा वाढवला, पाऊस चांगला झाला, २०१६-१७ मध्ये देशातले उत्पादन जवळपास दुप्पट झाले, आणि क्विंटलला ५,०५० रुपयांचा हमीभाव असतानाही बाजारातला दर त्याच्या बराच खाली घसरला. खरेदी केंद्रांवर बारदाने अपुरे पडले आणि तूर घेऊन आलेल्या गाड्या दिवसेंदिवस रांगेत उभ्या राहिल्या. ज्या पिकाने पाणी वाचवले आणि जमीन राखली त्याच्या वाट्याला ही अनिश्चितता, आणि ज्याने पाणी संपवले त्याला दराची हमी. हा अन्याय आहे आणि तो धोरणाने निर्माण केलेला आहे. ग्राहकाला यात जे करता येते ते मर्यादित असले तरी निरर्थक नाही: डाळीची मागणी एकाच तुरीवर न ठेवता मूग, मटकी, कुळीथ, चवळी, हरभरा, उडीद यांच्यात वाटणे, म्हणजे कमी पाण्यावर येणाऱ्या अनेक पिकांना गिऱ्हाईक मिळते आणि एका पिकाचा भाव कोसळला किंवा भडकला तरी घरचे गणित बिघडत नाही. साखरेच्या बाबतीत डब्यातल्या साखरेपेक्षा बाटलीतल्या आणि पाकिटातल्या साखरेवर लक्ष ठेवणे अधिक परिणामकारक ठरते.

तेलाकडे वळले की प्रश्न महाराष्ट्राबाहेर, थेट सुमात्रा आणि बोर्निओ बेटांपर्यंत जातो. भारत आपल्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा पामतेलाचा असून ते मुख्यतः इंडोनेशिया व मलेशिया या देशांतून येते. तिथे तेलताडाच्या मळ्यांसाठी पावसाळी जंगले तोडली गेली आणि हजारो वर्षे साठलेल्या पालापाचोळ्याच्या दलदलीच्या जमिनी सुकवल्या गेल्या; अशी जमीन पेटली की आग जमिनीखाली आठवडेच्या आठवडे धुमसत राहते. २०१५ च्या आगींत इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळाले आणि धुराने शेजारचे देशही गुदमरले. असे असले तरी पामतेलावर सरसकट बहिष्कार हे उत्तर नाही. एका हेक्टरमधून तेलताड जितके तेल देतो तितके सोयाबीन, सूर्यफूल किंवा भुईमूग देत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१८ मध्ये दाखवून दिले की तेवढेच तेल दुसऱ्या पिकांतून मिळवायचे तर नऊ पटींपर्यंत अधिक जमीन लागू शकते. जंगल न तोडता पिकवलेल्या पामतेलाला प्रमाणपत्र देणारी एक आंतरराष्ट्रीय व्यवस्था २००४ पासून अस्तित्वात आहे, परंतु भारतीय पाकिटांवर तिचे चिन्ह क्वचितच दिसते.

मराठी घरातून पामतेल डब्याच्या रूपात फारसे येत नाही; ते येते बिस्किटे, फरसाण, वेफर्स, नूडल्स, बेकरीचे पदार्थ आणि बाहेरच्या तळणातून. त्यामुळे त्याचा वापर घटवण्याचा मार्ग पाकीटबंद खाणे घटवणे हाच आहे, आणि तो आरोग्याच्याही हिताचा आहे. डब्यातल्या तेलाबाबत मात्र एका विस्मृतीत गेलेल्या पिकाची आठवण करून द्यायला हवी. मराठवाडा आणि सोलापूरच्या कोरडवाहू जमिनीत ज्वारीच्या जोडीने करडई घेतली जाई. ती दुष्काळ सोसते, जनावरे तिच्या काट्यांमुळे तिला तोंड लावत नाहीत, आणि घाण्यावर काढलेले तिचे तेल हे त्या भागाचे रोजचे तेल होते. स्वस्त आयात तेलापुढे ती टिकली नाही आणि तिचे क्षेत्र झपाट्याने घटले. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने करडईची सुधारित वाणे, बिनकाट्यांची वाणेसुद्धा, तयार केली आहेत. शेतकऱ्याकडे बियाणे आहे, जमीन आहे, हवामान अनुकूल आहे, उणीव आहे ती खात्रीच्या गिऱ्हाइकाची. लाकडी घाण्याचे करडई किंवा शेंगदाणा तेल महाग पडते हे खरे; पण भाज्यांत आणि तळणात ओतले जाणारे तेल एकूणच कमी केले तर तेवढ्याच पैशांत ते बसवणे बऱ्याच घरांना शक्य आहे.

दूध आणि प्राणिजन्य पदार्थांबद्दल पाश्चात्त्य लेखन जसेच्या तसे उचलून चालत नाही. तिकडे चर्चेच्या केंद्रस्थानी गोमांस असते, कारण त्याचा भार सर्व खाद्यपदार्थांत सर्वाधिक आहे. महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांसाठी तो प्रश्न दुधाचा आहे. गाई-म्हशींच्या पोटात चारा आंबताना मिथेन तयार होतो, आणि भारताने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या २०१६ सालच्या हिशेबात देशाच्या एकूण उत्सर्जनापैकी शेतीचा वाटा १४ टक्के असून त्यातला निम्म्याहून अधिक भाग एकट्या जनावरांच्या या पचनक्रियेतून आला होता. तरीही दूध हा शाकाहारी गरीब कुटुंबाचा प्रथिनांचा आधार आणि कोरडवाहू शेतकऱ्याचे रोजचे नगद उत्पन्न आहे, ते सोडण्याचा उपदेश अन्यायाचा ठरेल. विचार करायचा तो पनीर आणि चीज यांचा: एक किलो पनीरला पाच-सहा लिटर दूध आटते, आणि तेवढ्या दुधाचा सगळा भार त्यावर येतो. सुखवस्तू शाकाहारी घरांत उसळीची जागा पनीरने घेतली आहे. ती अर्धी जरी उसळीला परत मिळाली तर परिणाम मोठा होईल. मांसाहारी घरांत अंडी आणि कोंबडी यांचा भार मटणापेक्षा कमी असतो. मासळीच्या बाबतीत काळ आणि आकार पाहावा. पावसाळ्यात मासे अंडी घालतात, त्या काळात यांत्रिक मासेमारीवर बंदी असते, आणि कोळी समाजाने नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला विश्रांती देण्याची रीत पूर्वापार पाळली आहे. पापलेटला २०२३ मध्ये राज्यमासा घोषित करण्यात आले आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीसाठी किमान कायदेशीर आकार ठरवण्यात आले, कारण एकदाही अंडी न घातलेली तळहाताएवढी पिल्ले बाजारात सर्रास विकली जात होती. लहान पापलेट आणि लहान सुरमई नाकारून बांगडा, मांदेली, बोंबील घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा निर्णय मासळीबाजारात लगेच पोहोचतो.

भाजीपाल्यात हंगाम पाळणे पुरते, आणि पावसाळ्यात कर्टुली, शेवळे, टाकळा, भारंगी विकायला बसणाऱ्या आदिवासी स्त्रियांकडून त्या घेणे ही तर कोणतेही खत, औषध किंवा पंपाचे पाणी न वापरलेल्या अन्नाची खरेदी असते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या पद्मश्री राहीबाई पोपेरे यांनी जपलेली वालांची, घेवड्यांची आणि भातांची गावरान वाणे टिकायची असतील तर ती कोणीतरी शिजवून खाल्लीही पाहिजेत. मात्र विकत आणलेली भाजी वाया जाऊ न देणे हे सर्वांत आधी येते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न फेकले गेले, त्यातले साठ टक्के घरांतून, आणि भारतीय घरांत माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो. फेकलेल्या अन्नाबरोबर त्याला लागलेले पाणी, खत आणि डिझेलही फेकले जाते. शिवाय ते देवनारसारख्या कचराभूमीत ढिगाखाली दडपले की तिथे पुन्हा मिथेन तयार होतो. आठवड्याची भाजी एकदम आणण्यापेक्षा दोन-तीन दिवसांची आणणे आणि शीतकपाटात काय शिल्लक आहे ते पाहून यादी करणे ही साधी शिस्त कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा अधिक उपयोगी आहे. वेष्टनाचा वाटा उत्सर्जनात लहान, सुमारे पाच टक्के, असला तरी प्लास्टिकचा उपद्रव गटारे, गुरे आणि समुद्र यांना होतोच. वाण्याकडे धान्य सुटे मिळते आणि कापडी पिशवी घरात असते, तेव्हा हा प्रश्न पिशवी बरोबर नेली की बराचसा सुटतो.

प्रमाणपत्रांचा विषय थोडक्यात. सेंद्रिय मालावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह असते आणि त्यामागे दोन पद्धती आहेत: एकीत त्रयस्थ संस्था शेताची तपासणी करते, दुसरीत शेतकऱ्यांचे गट एकमेकांची तपासणी करतात आणि खर्च कमी ठेवतात. हे चिन्ह रासायनिक खते व कीटकनाशके न वापरल्याची ग्वाही देते. पाणी किती लागले किंवा वायू किती निघाले याविषयी ते काही सांगत नाही. ‘पर्यावरणस्नेही’, ‘हरित’, ‘शाश्वत’ असे मोघम दावे पुराव्याशिवाय करण्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आणून निर्बंध घातले, त्यामुळे असा दावा दिसल्यास आधार मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. माहिती देणे अशक्य आहे असे उत्पादकांनी म्हणू नये, कारण नाशिकच्या द्राक्षांनी ते शक्य करून दाखवले आहे. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी ‘ग्रेपनेट’ नावाची व्यवस्था चालते, तीत बागेची नोंदणी होते, फवारणीच्या अवशेषांची प्रयोगशाळेत चाचणी होते, आणि परदेशातल्या पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येतो. २०१० मध्ये एका वाढनियंत्रक रसायनाच्या अवशेषामुळे भारतीय द्राक्षे युरोपने नाकारली, त्यानंतर ही तपासणी अधिकच कडक झाली. त्याच जिल्ह्यातली जी द्राक्षे पुण्या-मुंबईच्या हातगाडीवर येतात त्यांच्याविषयी मात्र गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही. परक्या देशाच्या ग्राहकाला जे कळू शकते ते इथल्या ग्राहकाला कळू नये, याचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही.

एकट्या ग्राहकाची शक्ती येथे संपते, आणि संघटित ग्राहकाची सुरू होते. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून कुटुंबांचे संघ करून महिन्याचे वाणसामान एकत्र मागवण्याची आणि वाटून घेण्याची पद्धत चालवली आहे. भेसळ, वजन आणि नफेखोरी यांच्याविरुद्ध ती उभी राहिली. गृहनिर्माण संस्था, महिला बचत गट आणि ग्राहक संघ यांनी याच पद्धतीने ज्वारी थेट मंगळवेढ्याहून, तूर मराठवाड्यातल्या शेतकरी उत्पादक कंपनीकडून आणि करडईचे तेल घाण्यावरून, हंगामाच्या आधी भाव ठरवून मागवले, तर शेतकऱ्याला त्या पिकाची पेरणी करण्याचे कारण मिळेल आणि ग्राहकाला शेत, पाणी आणि फवारणी यांची माहिती विचारता येईल. जोडीला रेशनवर ज्वारी-बाजरी नियमित मिळावी आणि डाळींची हमीभावाने पूर्ण खरेदी व्हावी, या दोन मागण्या शहरी ग्राहकांनीही आपल्या लोकप्रतिनिधींकडे लावून धराव्यात. रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. ज्या संघांना पुढच्या वर्षासाठी तिची मागणी नोंदवायची आहे त्यांनी शेतकऱ्यांशी बोलणी त्याआधीच करावीत.